घरबसल्या जेरुसलेम : दूरच्या यात्रेचे श्रवण कसे करावे

आपल्या संप्रदायात दर्शनाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पदस्पर्श झाला तर उत्तमच. गर्दीत तो न साधला तर मुखदर्शन. तेही न मिळाले तर नामदेव पायरीवर डोके टेकावे, कळसाकडे पाहून हात जोडावे आणि मागे फिरावे. आषाढीला लाखो माऊली कळसदर्शनावरच घरी परततात, आणि त्यांची वारी पोचली नाही असे कोणी म्हणत नाही. मग आजकाल जे नवीन निघाले आहे, म्हणजे घरी बसून संगणकाच्या किंवा मोबाईलच्या काचेवर दूरदेशीचे तीर्थ पाहायचे, आणि तेही त्या त्या धर्माच्या जाणत्या शिक्षकांच्या तोंडून ऐकत पाहायचे, त्याला या पायऱ्यांत कोठे बसवावे? ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत त्यांच्या घरी तर हा प्रश्न उंबरठ्यावरच उभा आहे. नातू तिकडून सांगतो, "आजी, आज आम्ही जेरुसलेमला चाललोय, तूही बस." आजी म्हणते, "अरे, बसून कुठं जातात का?"

आजीचा प्रश्न खरा आहे. तोच आपण आजच्या पाठाला घेऊ.

प्रथम हे ध्यानात ठेवावे की ही रीत दिसते तितकी नवी नाही. जर्मनीतील उल्म गावी फेलिक्स फाब्री नावाचा एक ख्रिस्ती संन्यासी होऊन गेला. त्याने १४८० आणि १४८३ साली, दोन वेळा, जेरुसलेमकडे प्रवास केला. त्या काळी हा प्रवास म्हणजे महिनोगणती जहाजात राहणे. तो परत आल्यावर मठातल्या जोगिणींनी त्याला गळ घातली. त्यांना मठाची चौकट ओलांडण्याची मुभा नव्हती, पण यात्रेची ओढ होती. तेव्हा फाब्रीने १४९२ च्या सुमारास त्यांच्यासाठी एक ग्रंथ लिहिला. त्यात यात्रेच्या रोजच्या मजली पाडून दिल्या होत्या. आज इथवर जायचे, उद्या तिथवर, आणि ज्या स्थळी पोचलो तिथले चिंतन व प्रार्थना त्या दिवशी करायची. जोगीण आपल्या खोलीतच, पण मन वाटेवर. आपण ज्याला मानसपूजा म्हणतो तिचीच ही बहीण म्हणा ना! तिला मानसवारी म्हटले तरी चालेल.

आणि आपल्या मराठीतच पाहायचे तर फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात राशोल येथे छापून निघाले. सुमारे ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ. ज्याने आयुष्यात साष्टीबाहेर पाऊल टाकले नव्हते अशा श्रोत्याच्या डोळ्यांपुढे जेरुसलेमचे मंदिर आणि तिथल्या वाटा त्या ओव्यांनी उभ्या केल्या. चारशे वर्षांपूर्वी मराठी कानांनी जेरुसलेमची यात्रा केलेली आहे, ती अशी.

नवे आहे ते एवढेच, की आता सांगणारा तिथे उभा असतो आणि ऐकणारा इथे, आणि दोघे एकाच घटकेला. ही सोय आधीपासून होती, परंतु तिचा जोर झाला तो २०२० साली. करोनाच्या साथीने त्या वर्षी साऱ्या जगाची देवळे बंद पाडली. आपल्याला ते वेगळे सांगायला नको. १ जुलै २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका पायी न जाता एस.टी.च्या गाडीतून पंढरीला गेल्या. २०२१ लाही तसेच झाले, आणि २०२२ साली पायी सोहळा पुन्हा निघाला. त्याच २०२० च्या मार्चपासून मे महिन्यापर्यंत जेरुसलेममधले येशूच्या कबरीचे देऊळ बंद होते आणि अल-अक्सा मशिदीचे आवारही बंद होते. भिंतीपाशी मोजकी माणसे प्रार्थना करीत. फ्रान्समध्ये लूर्द म्हणून ख्रिस्ती लोकांचे मोठे तीर्थ आहे. तिथल्या मंडळींनी १६ जुलै २०२० रोजी घरोघरच्या भाविकांसाठी एक दिवसाची यात्राच अनेक भाषांतून प्रक्षेपित केली. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १८५८ साली बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला त्या गुहेत मरियामातेचे दर्शन अठरा वेळा झाले अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यातले शेवटचे १६ जुलैचे. त्या दिवशी सरकारने गुहेपुढे फळ्या ठोकून वाट अडविली होती, म्हणून ती पोर नदीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बसली आणि तिथूनच तिने पाहिले. दुरून झालेल्या दर्शनाचा तो स्मरणदिन. लूर्दच्या लोकांनी तो दिवस फार विचाराने काढला असे आम्हांस वाटते.

असो. आता मुख्य गोष्टीकडे वळू.

जेरुसलेमचे जुने शहर केवढे? तटबंदीच्या आत सुमारे एक चौरस किलोमीटर. आजचा तट सुलतान सुलेमानने १५४१ च्या सुमारास पुरा केला. एवढ्याशा जागेत तीन धर्मांची हृदये आहेत. यहुदी लोकांचे प्राचीन मंदिर रोमनांनी इ.स. ७० साली पाडले. त्या मंदिराच्या टेकाडाला जो भराव आणि आधाराची भिंत होती तिचा पश्चिमेचा भाग उरला, तीच त्यांची पश्चिमेची भिंत. त्याच टेकाडावर खलिफा अब्दुल मलिकने ६९१-९२ साली खडकावरचा सोनेरी घुमट बांधला. शेजारी अल-अक्सा मशीद. आणि तिथून थोड्याच अंतरावर, गल्ल्या ओलांडून गेले की, येशूच्या कबरीचे देऊळ. सम्राट कॉन्स्टंटाइनने बांधविलेल्या मूळ देवळाची प्रतिष्ठा ३३५ सालची.

या तिन्ही ठिकाणी एकच वाटाड्या का पुरत नाही, हे समजण्यासाठी त्या टेकाडाच्या दारापाशी थोडे थांबले पाहिजे. दारावर यहुद्यांच्या मुख्य धर्मपीठाची पाटी आहे की यहुदी माणसाने वर जाऊ नये. का? तर त्यांच्या मंदिराचा अतिपवित्र गाभारा नेमका कोणत्या जागी होता याची खात्री नाही, आणि अपवित्र पाय चुकून त्या जागेवर पडला तर? ही पाटी न मानणारे यहुदीही आहेत, वर जातात, आणि त्यावरून मोठा तंटा आहे. परंतु पुष्कळ निष्ठावंत यहुदी त्या पाटीपाशी थांबतात. आता विचार करा, जे स्थान त्याला जगात सर्वांत प्रिय, तिथेच तो पाऊल टाकीत नाही. न जाणे हीही त्याची भक्तीच आहे.

याच्या उलट बाहेरचा प्रवासी. जो मुसलमान नाही त्याला एका ठराविक दाराने, ठराविक वेळात, आवारात फिरता येते. घुमटाच्या आत मात्र २००० सालापासून त्याला सोडत नाहीत. म्हणजे पैसे खर्चून, विमानाने जाऊन, उन्हात उभे राहून तो बाहेरूनच परत येतो.

तेव्हा या गृहयात्रेत काय होते? यहुदी शिक्षक भिंतीपाशी आपल्याला नेतो. भिंतीच्या फटीत चिठ्ठ्या खोचलेल्या दाखवतो. वर्षातून दोनदा त्या काढून जैतुनाच्या डोंगरावर पुरतात, टाकून देत नाहीत, हे सांगतो. मग दारापर्यंत येतो आणि म्हणतो, "येथून पुढे माझा मित्र सांगेल." पुढे मुसलमान शिक्षक वर नेतो, घुमटाखालचा तो खडक दाखवतो, आणि पैगंबर त्या रात्री इथूनच स्वर्गी गेले ही आपल्या परंपरेची कथा सांगतो. त्याच खडकावर अब्राहामाने आपला पुत्र अर्पण करण्यासाठी बांधला होता असे आधीच्या शिक्षकाने सांगितलेले असते. खडक एक आणि कथा दोन. एकाचे पाऊल जिथे थांबते तिथून दुसऱ्याचे सुरू होते. प्रत्यक्ष पायांनी गेलेल्या यात्रेकरूला हा सांधा बहुधा दिसत नाही, कारण त्याच्याबरोबर एकच वाटाड्या असतो, आणि तो दुसऱ्याची गोष्ट सांगतो तेव्हा "ते लोक असे मानतात" एवढे बोलून पुढे चालतो.

आमचे म्हणणे इथेच आहे. घरबसल्या यात्रेत पाय लागत नाहीत, हात लागत नाहीत, डोळ्यांना सुद्धा काचेएवढेच दिसते. जे पुरेपूर लाभते ते कानाला. म्हणून हिचा हिशोब दर्शनाच्या खात्यात धरू नये, श्रवणाच्या खात्यात धरावा. आणि एकदा श्रवण म्हटले की वक्ता कोण हा प्रश्न पहिला येतो. हरिपाठ सांगणारा स्वतः हरिपाठ करीत नसेल तर त्याच्यापुढे कोण बसेल? तसेच इथेही आहे. भिंतीची गोष्ट भिंतीपाशी रडलेल्याने सांगावी, घुमटाची गोष्ट तिथे नमाज पढणाऱ्याने सांगावी. चित्रे तर पुस्तकातही मिळतात!

पायी यात्रेत ही दोन वाटाड्यांची रीत आधीपासून आहे. मेजदी नावाची एक प्रवाससंस्था एकाच तांड्याबरोबर एक इस्रायली आणि एक पॅलेस्टिनी असे दोन वाटाडे देते. दोघांचे म्हणणे जुळत नाही तिथे ते लपवीत नाहीत, श्रोत्यांसमोरच मांडतात. आम्हांस ही पद्धत पसंत आहे. सगळे धर्म एकच सांगतात असे म्हणून गोड हसणारा वक्ता फार काही शिकवून जात नाही.

येशूच्या कबरीच्या देवळाचीही एक गंमत ऐकावी. त्या देवळात सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत : ग्रीक, रोमन, आर्मेनी, कॉप्ट, सुरियानी आणि हबशी. कोणता दिवा कोणी लावायचा आणि कोणती पायरी कोणी झाडायची, इथपर्यंत वाटण्या ठरलेल्या. दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक लाकडी शिडी आहे. ती अठराव्या शतकातल्या चित्रातही दिसते. ती हलवायची तर सर्वांची संमती हवी, आणि संमती होत नाही, म्हणून शिडी तिथेच. (आपल्याकडे मानावरून वाद होतात तेव्हा ही शिडी आठवावी.) आणि या देवळाची किल्ली कोणाकडे? जुदेह या मुसलमान घराण्याकडे. कुलूप उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे. सलाउद्दीनाने ११८७ साली शहर घेतले तेव्हापासून ही वहिवाट आहे असे ती घराणी सांगतात. ख्रिस्ती लोकांचे सर्वांत पवित्र दार रोज मुसलमानाच्या हाताने उघडते. हे एका धर्माचा शिक्षक सांगू लागला तर त्यात बढाई येते किंवा तक्रार येते. दोघे शेजारी उभे राहून सांगतात तेव्हा गोष्ट तिच्या जागेवर राहते.

वारकऱ्याने या शहरात आणखी एक ठिकाण आवर्जून दाखवायला सांगावे. हेरोद दरवाजाजवळ हिंदी धर्मशाळा आहे. पंजाबचे सूफी संत बाबा फरीद यांनी तेराव्या शतकाच्या सुमारास इथे चाळीस दिवस एकांतात काढले अशी परंपरा आहे. पुढे हिंदुस्थानातून जाणारे यात्रेकरू तिथे उतरू लागले. १९२४ पासून मूळ सहारनपूरकडच्या अन्सारी घराण्याकडे तिची देखभाल आली, आणि दुसऱ्या महायुद्धात हिंदी शिपायांनाही तिचा आसरा मिळाला. आता हे आपल्याला का सांगायचे? शीख बांधवांचा आदिग्रंथ १६०४ साली सिद्ध झाला. त्यात शेख फरीदांची वाणी आहे, आणि त्याच ग्रंथात आपल्या नामदेवरायांची ६१ पदे आहेत. पंजाबात घुमानपर्यंत गेलेले नामदेव आणि जेरुसलेमपर्यंत गेलेले फरीद एकाच ग्रंथात शेजारी बसले आहेत. जेरुसलेम आपल्याला वाटते तितके परके नाही.

आता शंका. कोणी म्हणेल, "महाराज, हे सारे ठीक. पण वारीत पायाला फोड येतात, पावसात भिजतो, अनोळखी माऊली आपल्या ताटात भाकर वाढते, त्याचे काय? काचेपुढे चहा पीत बसणाऱ्याला यातले काय मिळाले?" शंका रास्त आहे आणि तिचे समाधान करण्याचा आम्ही खटाटोप करणार नाही. ते मिळत नाही. कबरीच्या देवळात शिरताच एक गुलाबी छटेची शिळा आहे. येशूचा देह तिथे ठेवून सुगंधी द्रव्ये लावली असे मानतात. बाया तिच्यावर कापड घासतात आणि तो वास घरी नेतात. काचेतून वास येत नाही. जो शिक्षक म्हणेल की घरी बसूनही तेच पुण्य, त्याच्यापुढून उठावे.

परंतु शंकेच्या आत दुसरी एक शंका आहे, आणि ती आम्हांस अधिक टोचते. यात्रेला न जाणारे सगळे एका जातीचे नसतात. अरणचे सावता महाराज पंढरीला गेले नाहीत असे आपली परंपरा सांगते. मळा हीच त्यांची पंढरी होती. त्यांना काच कशाला लागते? दुसरे कूर्मदास. हातपाय नसलेला हा भक्त सरपटत निघाला, लऊळपर्यंत आला, आणि देवच त्याच्याकडे गेला ही कथा आपल्याला ठाऊक आहे. गुडघे गेलेली आजी, अंथरुणाला खिळलेला माणूस, पैशाअभावी न जाऊ शकणारा, हे सारे कूर्मदासाचे सोबती. त्यांच्यासाठी शिक्षक काच घेऊन घरी आला तर ती सेवाच आहे, आणि तिला नावे ठेवू नयेत.

तिसरे चोखोबा. त्यांना पाय होते, ओढ होती, पंढरीतच होते. दार बंद होते. ते दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांसाठी उघडायला मे १९४७ उजाडावा लागला आणि साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. त्या काळी ही काच असती आणि कोणा बडव्याने चोखोबांना म्हटले असते, "आत कशाला येता? घरी बसून बघा की," तर? ऐकायलाही बरे वाटत नाही.

हे कल्पनेतले नाही. बेथलेहेमचा ख्रिस्ती माणूस जेरुसलेमपासून सुमारे नऊ-दहा किलोमीटरवर राहतो. येशूच्या कबरीच्या देवळात सणाला जायचे तर त्याला इस्रायली सरकारचा परवाना लागतो, आणि तो प्रत्येकाला मिळतो असे नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या मुसलमानाचे अल-अक्साच्या बाबतीत तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यानंतर हे निर्बंध आणखी आवळले गेले आणि बाहेरचे यात्रेकरूही फार घटले. म्हणजे पुण्याच्या आजीला जे काचेतून दिसते ते भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला प्रत्यक्ष दिसत नाही. त्याला कूर्मदासाचे औषध देऊन भागणार नाही. त्याचे दुखणे पायांचे नाही, दाराचे आहे. अशा यात्रेत बसणाऱ्याने शिक्षकाला एवढे अवश्य विचारावे : "या ठिकाणी तुमच्या गावातले कोण येऊ शकत नाही?" उत्तर टाळले गेले तर आपण यात्रेत नसून दुकानात बसलो आहोत असे समजावे.

बसायचे कसे, याविषयी थोडे. जेरुसलेमचे घड्याळ आपल्या मागे असते, उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. शनिवारी यहुद्यांचा शब्बाथ असतो. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत भिंतीपाशी छायाचित्रे घेऊ देत नाहीत. त्या दिवशी तिथून यात्रा दाखवितो म्हणणाऱ्याला तिथला धर्म ठाऊक नाही किंवा त्याची पर्वा नाही. शुक्रवारी आणि शनिवारी टेकाडाचे आवारही बाहेरच्यांना बंद असते. आपण निर्जळी एकादशीला कोणाकडे जेवायला जात नाही, तसेच हे.

एकट्याने पाहू नये. घरातली चार माणसे, शेजारची दोन, अशी बसावीत. इंग्रजी कळणाऱ्याने मधूनमधून मराठीत सांगावे. कोकणातून तिकडे गेलेले बेने इस्रायल बांधव आजही घरात मराठी बोलतात, मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी चालविले. आणि हे ऐकून वारकऱ्याला नवल वाटेल, की १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी बायबलातल्या आख्यानांवर मराठी कीर्तने करायला सुरुवात केली होती. त्यांच्यातला कोणी जाणता भिंतीपाशी उभा राहून मराठीत दोन शब्द सांगेल, तर तसे श्रवण इंग्रजीच्या दहा यात्रांत मिळायचे नाही. इस्रायलात ज्यांची ओळखदेख आहे त्यांनी खटपट करून पाहावी.

आणि शेवटी शिक्षक उलट विचारतात. चांगले शिक्षक हमखास विचारतात. "तुम्ही कोठे चालत जाता? तिथे कोणाला जाता येत नव्हते?" तेव्हा गप्प राहू नये आणि केवळ गोडगोडही सांगू नये. चोखोबांचेही सांगावे, कारण त्यानेही आपले बंद दार आपल्याला दाखविले आहे. मग दिंडीचे सांगावे, रिंगणाचे सांगावे, टाळ असेल तर वाजवून दाखवावा. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माऊलींची पालखी आळंदीहून निघते, ती इंग्रजी महिन्याची कोणती तारीख येते हे आधी पंचांगातून काढून ठेवावे आणि कागदावर लिहून द्यावे. वद्य अष्टमी त्याला उमगायची नाही, आणि त्याला यायचे असले तर रजा काढायला तारीख लागेल.